शेवटची दोन मिनिटं

दोन मिनिटं उरली आणि व्हर्लिन स्टकी खुर्चीतून उठला. विल्मोट कॉलेजचा बास्केटबॉल संघ चोवीस गुणांनी मागे होता. सामन्याचा निकाल लागल्यातच जमा होता, आणि निकाल लागलेल्या सामन्याचं सुतक पाळत बसणारे लोक मग पार्किंगमध्ये तासभर अडकून पडतात, हे ज्ञान व्हर्लिनला अकरा वर्षांच्या तपश्चर्येतून मिळालं होतं. संघ चोवीस गुणांनी पुढे असता तरी तो याच वेळी उठला असता. निष्ठा वेगळी, ट्रॅफिक वेगळं.

"कोट घाल," तो बायकोला म्हणाला.

"मोसमातला बाहेरगावचा शेवटचा सामना आहे," नदीन विणकामातून मान वर न करता म्हणाली. "एकदा तरी शेवट बघू या की."

"शेवट गाडीत रेडिओवर ऐकू येतो."

इंडियानातल्या त्यांच्या गावात व्हर्लिनइतका कट्टर चाहता दुसरा नव्हता, आणि गावाला याचा विसर पडू न देण्याची जबाबदारी त्यानं स्वतःच्याच शिरावर घेतली होती. घरच्या मैदानावर कोणीही ओरडतं, खरा भक्त परगावी कळतो, असं तो न्हाव्याच्या खुर्चीत बोलला होता, चर्चच्या पायऱ्यांवर बोलला होता, आणि सख्ख्या मेव्हण्याच्या दफनविधीतही बोलला होता. नोव्हेंबरात पहिला सामना जिंकला तेव्हा अंगात असलेला केशरी स्वेटर त्यानं तेव्हापासून धुतला नव्हता. त्यानंतर संघ बाहेरगावी ओळीनं नऊ सामने हरला. स्वेटरवरची श्रद्धा मात्र तसूभरही ढळली नव्हती. गाडीच्या काचा नदीन बर्फातही उघड्या ठेवी, ते त्यामुळेच.

यंदा कॉलेजला एकदाची उपरती झाली होती. दुसऱ्या सामन्यापासून प्रत्येक गावी तिकीट खिडकीवर त्याच्या नावाचं पाकीट तयार असायचं. आत दोन तिकिटं, थेट संघाच्या बाकामागची. पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं ३३ लिहिलेलं असे. हा खास पाहुण्यांच्या यादीतला आपला क्रमांक, असं व्हर्लिननं ठरवून टाकलं. आपल्या आधीचे बत्तीस जण कोण, हा एकच प्रश्न त्याला छळत होता. मोसम संपल्यावर कॉलेज आपला जाहीर सत्कार करणार आणि मानाची पाटी देणार, यात त्याला शंका नव्हती. पाटीसाठी त्यानं दिवाणखान्यात खिळाही ठोकून ठेवला होता.

बाकामागच्या त्या रांगांत खेळाडूंचे आईबाप बसत. व्हर्लिनच्या मते ही सगळी हौशी मंडळी. पोरगं खेळतं तोवर यांचं प्रेम. त्यांच्याशी तो बोलत नसे. तो बोलायचा फक्त पंचांशी, तेही एकतर्फी.

तो कोटात एक हात घालतो न घालतो तोच कोणीतरी त्याची बाही धरली. शेजारच्या खुर्चीतली ओडेसा प्रूइट, कर्णधाराची आई.

"काका, आज तरी बसा," ती म्हणाली. "तुमचा उतरतोय."

"माझा कोण?"

"अहो, थेरॉन."

व्हर्लिनला गेल्या अकरा वर्षांत गुण मिळवलेल्या प्रत्येक खेळाडूची सरासरी पाठ होती. ज्यांच्या नावावर गुण नाहीत त्यांच्यासाठी त्यानं डोक्यात जागा ठेवली नव्हती. त्यानं खाली पाहिलं. बाकाच्या पार टोकाला एक ताडमाड पोरगा घाईघाईनं वरचा शर्ट काढत होता. पाठीवर ३३.

हा चेहरा त्यानं पाहिला होता. नोव्हेंबरात संघाची बस हमरस्त्यावर एका हॅम्बर्गरच्या दुकानाशी थांबली होती. एका उंच पोरानं दार धरलं, आणि तुम्ही प्रत्येक सामन्याला येता का, असं अदबीनं विचारलं. प्रत्येक, व्हर्लिन म्हणाला होता. शेवटपर्यंत थांबता? "पोरा, शेवटचा भोंगा वाजल्याशिवाय मी हलत नाही." पोरानं मग त्याचं नाव कागदी रुमालावर लिहून घेतलं होतं. आपली सही हवी असेल असं समजून व्हर्लिननं खाली सहीही ठोकली होती.

ओडेसानं मग बाकीचं सांगितलं. प्रत्येक खेळाडूला आपल्या माणसांसाठी तिकिटं मिळतात. थेरॉनची आई अलास्कात, मासळीच्या कारखान्यात. चार वर्षांत तिला एकदाही येता आलं नाही. पण यंदा काका येतात, असं तो बसमध्ये सगळ्यांना सांगतो. आणि प्रशिक्षक त्याला उतरवतात ते सामन्याचा निकाल लागून गेल्यावर. शेवटच्या दोन मिनिटांत.

मैदानात पाय ठेवण्याआधी थेरॉननं वर पाहिलं आणि हात केला.

व्हर्लिननं मागे वळून पाहिलं. मागची रांग रिकामी होती. नदीननं सुया केव्हाच खाली ठेवल्या होत्या, ती दोन्ही हात हलवत होती. व्हर्लिनचाही हात वर गेला, अर्ध्या बाहीत अडकलेल्या कोटासकट. थेरॉन बघतच राहिला. ज्याला अडवायचं तो त्याच्या बाजूनं निघून गेला आणि समोरच्यांचे आणखी दोन गुण झाले. पंचांना काही सुनावावं असं व्हर्लिनला वाटलं नाही. त्याला फक्त लाज वाटली, आणि तो खाली बसला.

"दर वेळी असाच हात करतो," ओडेसा म्हणाली. "आणि दर वेळी तुमची खुर्ची रिकामी. पोराला सांगणार तरी काय? काका बाथरूमला गेलेत, असं सांगतो आम्ही."

व्हर्लिननं कोटात अडकलेला हात बाहेर काढला.

"काल बसमध्ये माझ्या मुलापाशी काळजी करत होता," ती म्हणाली. "म्हणाला, एवढा लांबचा प्रवास काकांना झेपत नसेल, त्यांना एकदा डॉक्टरला दाखवायला हवं."