खिडकीतली सवत

बायको त्याच्या ऑर्किडला सवत म्हणायची. पाणी बेतानं, ऊन पडद्याआडून, खत वेळेवर; एवढे लाड तिचे कधी झाले नव्हते. थंडी पडली तसा तो पलंगाशेजारची खिडकी रात्रभर उघडी ठेवू लागला. “लावा हो खिडकी, छातीत कफ दाटलाय,” ती खोकत म्हणायची. “रात्रीच्या गारव्याशिवाय फुलाचा दांडा फुटत नाही. तू आणखी एक पांघरूण घे.” तिनं घेतलं. दांडा फुटला, कळ्या धरल्या आणि खोकल्याचा न्यूमोनिया झाला. ती गेल्यावर भेटायला आलेली शेजारीण खिडकीपाशी थबकली. “अगंबाई, काय फुललंय हो! आमच्याकडे नुसती पानंच. करता तरी काय?” विषय आवडीचा, त्याची कळी खुलली. “थंडीत रात्रभर खिडकी उघडी…” पलंगावर तिच्या पांघरुणांची चळत होती. त्यानं खिडकी ओढली. थंडीभर दव पिऊन लाकूड फुगलं होतं. कडी काही बसेना.