उजवीकडची चमकी

मध्य प्रदेश नवा नवा झाला, त्याच वर्षी मिलमधले कारकून शरदचंद्र लाकडावर चित्र कोरून छाप काढायला शिकू लागले. पहिलंच चित्र त्यांनी पत्नीचं, इंदुमतीबाईंचं कोरलं. वीस वर्षांत बाईंनी त्यांची एकदाही तारीफ केली नव्हती, ती आज वसूल व्हायची होती.

शाई लावून त्यांनी कागद दाबला, उचलला आणि ते हरखूनच गेले. हुबेहूब इंदुमती! फक्त नाकातली चमकी डावीकडची उजवीकडे गेली होती.

"भिया, छाप उलटा येतो," शिकवणारे सर हसले. "कोरतानाच उलटं कोरायचं असतं. भाभीजींना सांगू नका."

सराफ्यातल्या हलवायाकडून जलेबी घेऊन शरदचंद्र जवळजवळ पळतच घरी पोचले.

बाईंनी छाप उजेडात धरला. "अहो, बिलकुल मीच. कमाल केलीत."

शरदचंद्र विरघळले, आणि विरघळलेला नवरा खरं बोलून जातो. "चमकी तेवढी चुकली. उजवीकडे आली."

"उजवीकडेच तर आहे."

त्यांनी मान वर करून पाहिलं. चमकी उजवीकडे होती. पदरही उजव्या खांद्यावर होता.

बाईंनी प्रेमाने कोरणी त्यांच्या हातात दिली. "आता तुमचं चित्र कोरा. इकडे उलट्या बाजूला एकटीला करमत नाही."