हुंकार

सत्यवान रोजच्यासारखे सकाळी घरापुढच्या खळ्यात हात जोडून उभे राहिले. बाप्तिस्मा घेऊन वर्ष झालं, तरी त्यांना प्रार्थना म्हणजे गावच्या देवळातलं गाऱ्हाणंच ठाऊक.

"बा येशू महाराजा, माझ्या चेडवाची राखण कर!"

"बाबा, चर्चमध्ये असं म्हणत नाहीत," मुलगी संचिता पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"येशूक सगळ्यो भाषा येतत गो, माका एकच येता. तू नुसतो 'व्हय महाराजा' म्हणान हुंकार दी."

ती हसली. हुंकार काही दिला नाही.

त्याच रात्री झोपेतच ते गेले.

दफनाच्या वेळी पाळकांनी हात वर केले. "प्रभू, तुझं लेकरू शांतीनं तुझ्यापाशी पोचलं आहे."

"आमेन," सगळे म्हणाले.

त्यांच्या मागून संचिताचा खणखणीत आवाज आला, "व्हय महाराजा!"