डाव्या हाताचा विळा

गव्हाच्या कापणीत कौसाची पात यंदा पहिल्यांदाच सगळ्या बायकांच्या मागं राहिली. डाव्या तळव्याला फोड आले, तशी जाऊ हसून म्हणाली, “आजा गेला, तुझा हातबी घेऊन गेला जणू!”

दरवर्षी सुगीच्या तोंडावर तिचा लोहार आजा एसटीनं यायचा, पोत्यात गुंडाळलेला नवा विळा हाती द्यायचा आणि चहा पिऊन परत जायचा. यंदा विळा बाजारातून आणावा लागला होता.

सोमवारी तिनं तो विळा आणि आज्याचा झिजलेला विळा बाजारातल्या लोहारापुढं टाकला. “हा नवा कापतच न्हाई.”

लोहारानं जुन्या विळ्यावरून अंगठा फिरवला. “नव्यात खोट न्हाई, ताई. ह्या जुन्याची धार उलट्या अंगाला हाय. डावऱ्या हातासाठी मुद्दाम घडवलाय कुणीतरी.”

कौसाला इतकी वर्षं वाटत आलं होतं, आपला हातच चपळ.

ती तळव्यावरचे फोड बघत राहिली. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की आई त्या हातावर फटका मारायची, मग आजा ऐरण सोडून यायचा, तळव्यावर फुंकर घालायचा आणि विचारायचा, “दुखलं का गं?”

“व्हय रं, आज्या,” ती भर बाजारात म्हणाली.