लाल घरातला राक्षस

झालं! टीव्हीवरच्या पटावर निनादची सोंगटी नेमकी लाल घरात पडली आणि ढोल बडवत राक्षस हजर. आता तो निनादने जिंकलेल्या सगळ्या चांदण्या लुटणार.

मधुजाचा हात सवयीने स्विचकडे धावला. राक्षस आला रे आला, की ती खेळच बंद करायची. मग तो डाव सेव्ह व्हायचा नाही, चांदण्या शाबूत राहायच्या आणि धाकट्या भावाचं भोकाड थांबायचं.

आज मात्र निनादने तिचं मनगट धरलं. "राहू दे, ताई. लुटू दे त्याला."

"अरे येड्या, सगळ्या जातील! मग बसशील गळा काढून."

"नाही बसणार. उद्यापासून मी बाबांकडे नागपूरला राहणार आणि तू इथे आईकडे. तिकडे राक्षस आला, की स्विच कोण बंद करणार? मला सवय करू दे."

मधुजाने स्विचकडे गेलेला हात मागे घेतला. राक्षस एकेक चांदणी पोत्यात भरत होता. निनाद मांडी घालून, ओठ घट्ट मिटून शेवटपर्यंत बघत राहिला. मधुजाला मात्र टीव्ही दिसेनासा झाला.