इंग्रजांचा भयपट

सुनेने टीव्हीवर लावलेला इंग्रजी भयपट संपला तसे कोथरूडचे मुकुंदराव गोळे फिसकन हसले.

"याला भयपट म्हणायचं? ना भूत, ना रक्त, नुसता अंधार! म्हणे लंडनमध्ये म्हातारी बंद घरात मरून पडते, दाराबाहेर दुधाच्या बाटल्या साचतात, आणि समोरच्या बिऱ्हाडाला पत्ताच नाही. कोण विश्वास ठेवणार?"

"बाबा, तिकडे खरंच होतं असं," सून ऋचा म्हणाली.

"तिकडे होत असेल. माणूसघाणे लेकाचे! अगं, आपल्याकडे शेजारणीच्या फोडणीत हिंग कमी पडला तरी अख्ख्या जिन्याला कळतं."

सकाळी फिरायला निघताना, समोर एकट्या राहणाऱ्या वेणूबाईंच्या दारातला पेपरांचा आणि नासलेल्या दुधाच्या पिशव्यांचा ढीग पुन्हा त्यांच्या पायात आला. मुकुंदरावांचं डोकंच फिरलं. ते तसेच घरात परतले, पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत चार ओळी लिहिल्या आणि वेणूबाईंच्या बंद दाराला नवी पाटी अडकवली.



"दूध व पेपर वेळेवर आत घ्यावेत. जिना सर्वांचा आहे. आमच्या पहिल्या पाटीला उत्तर देण्याचेही सौजन्य आपण दाखविलेले नाही."