राई उजव्या हाताला

तोडयंत्रांनी अख्खा डोंगर जसाच्या तसा ठेवला होता आणि मधली देवराई तेवढी साफ केली होती. माणसाविना चालणाऱ्या त्या यंत्रांना हुकूम होता तो हद्दीबाहेरचं रान काढायचा आणि आतलं जपायचा.

यंत्रांना हद्दीचा नकाशा करून देणाऱ्या मृदुलाने तिथेच तो उघडला. हद्द आखण्यासाठी मोजणीचं यंत्र घेऊन राईभोवती फिरले होते धाकू गुरव. आताही ते सवयीने वहाणा काढून कडेला उभे होते.

"काका, फिरताना राई कुठल्या हाताला होती?"

"उजव्या. देवाला कोण डावीकडे घालतं, बाई?"

यंत्रांच्या हिशेबी मात्र डाव्या हाताचं ते आतलं. म्हणूनच नकाशा करताना राईचं क्षेत्रफळ उणे येत होतं. तेव्हा मृदुलाने कारण शोधलं नाही, नुसतं उणे चिन्ह काढून टाकलं. आकडा गोड दिसला, साहेबांनी पाठ थोपटली, हिनेही थोपटून घेतली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "एकदा उलटे फिराल? नोंद सुधारते."

गुरवांनी राईतल्या तोडलेल्या झाडांच्या खुंटांकडे पाहिलं.

"फिरतो की. वहाणा घालून फिरू की काढून, तेवढं सांगा."